तांबेरा : सोयाबीनवरील कवक आणि त्याचा जिवंत पेशीतील शिरकाव

तांबेरा हा जिवंत झाडावरच वाढणाऱ्या कवकांचा रोग आहे. सोयाबीनवर तो फाकोप्सोरा पॅकिरायझी या कवकामुळे पडतो. पानाच्या खालच्या अंगाला टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात आणि ते फुटले की बोटाला तांबूस भुकटी लागते. पुढे पाने पिवळी पडून गळतात, शेंगा पोचट राहतात. जपानमध्ये १९०२ साली नोंदलेला हा रोग २००१ मध्ये दक्षिण अमेरिकेत आणि २००४ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पोचला. महाराष्ट्रात त्याचा जोर कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूर भागात असतो. परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिण काठावरील गंगाखेड परिसरात सोयाबीन आणि तूर ही खरिपाची महत्त्वाची पिके आहेत. मात्र पान सहा तास तरी ओले आणि हवा साधारण १८ ते २६ अंश सेल्सियस, असा मेळ तेथे कमी वेळा जुळत असल्याने प्रादुर्भाव तुलनेने कमी.

पिकाची नासाडी करणारे प्रत्येक कवक पेशी मारून खाते, ही समजूत तांबेऱ्याला लागू पडत नाही. ज्वारीवरील खडखड्या त्या जातीचा आहे : दाणा भरताना जमिनीतली ओल तुटली की मॅक्रोफोमिना हे कवक ताटाचा गाभा कुजवते. ताट उभे चिरले तर गाभ्याऐवजी सुटे धागे आणि त्यांवर काळी कणी दिसते. तांबेऱ्याच्या कवकाला मेलेली पेशी निरुपयोगी. ते पेशीची भित्ती भेदते, पण आतले पटल फाडत नाही. पटल आत दबत जाते आणि त्या खोबणीत कवकाचे चूषकांग वाढते. पेशीतले अन्न तेथून ओढले जाते. म्हणजे कवकाचा सारा डाव झाडाला सुगावा न लागण्यावर आहे, आणि तो सुगावा आधी लागतो कवकाच्या पृष्ठभागावरून. म्हणून येथे पृष्ठप्रथिनांना अधिक जागा दिली आहे.

भातावरील करप्याच्या कवकात एमपीजी-१ या हायड्रोफोबिनचे वर्णन १९९३ मध्ये झाले. अशा प्रथिनांत ८ सिस्टीन ठरावीक क्रमाने असतात. ती कवकावर पाणी न धरणारा थर रचतात आणि मेणचट पानावर जम बसवायला मदत करतात. एमपीजी-१ चा जनुक निकामी केला की ॲप्रेसोरियम, म्हणजे पान भेदण्यासाठी फुगणारा भाग, नीट बनत नाही. पुढची अडचण कायटिनची. कवकाच्या भित्तीतल्या या शर्करासाखळीचे तुकडे झाडाची ग्राही प्रथिने ओळखतात आणि बचाव सुरू होतो. टोमॅटोच्या पानात पेशींमधल्या जागेत वाढणाऱ्या क्लॅडोस्पोरियम फुल्व्हमकडे यावर दोन प्रथिने आहेत. एव्हीआर-४ भित्तीतल्या कायटिनला बिलगून झाडाच्या कायटिनेज या कायटिन तोडणाऱ्या विकरापासून तिचे रक्षण करते. ईसीपी-६ सुटे तुकडे झाडाच्या आधी पकडून ठेवते. टोमॅटोच्या काही वाणांना मात्र एव्हीआर-४ हेच ओळखता येते, आणि तेथे कवकाची ढालच त्याला उघडे पाडते.

हा पुरावा दुसऱ्या कवकांचा आहे, तो तांबेऱ्याला कसा लावायचा, हा आक्षेप रास्त आहे. तांबेऱ्याचे कवक झाडाबाहेर जोपासता येत नाही, आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या जनुकसंचाचा सुमारे ९३ टक्के भाग जागा बदलणाऱ्या डीएनए घटकांचा आहे. त्यामुळे एकेक जनुक निकामी करून पाहणे जिकिरीचे. शिवाय तांबेऱ्याची बहुतेक कवके तांबूस भुकटीच्या अवस्थेत पर्णरंध्रातून शिरतात, सोयाबीनवरचे मात्र थेट बाह्यत्वचेची पेशी भेदते आणि ती पहिली पेशी बहुधा मरते. तरीही जिवंत पेशीचा मुद्दा टिकतो, कारण चूषकांगे धरतात ती त्याखालच्या हरित पेशींत. त्या लवकर मेल्या तर फोड नीट भरत नाहीत. प्रतिकारक वाणाच्या पानावर दिसणारा तांबूस-तपकिरी डाग हा अशा मेलेल्या पेशींचाच असतो.

हेक्साकोनाझोल किंवा प्रोपिकोनाझोल फवारले की रोग आटोक्यात येतो, मग प्रथिनांची उठाठेव कशाला, असेही म्हटले जाते. ही औषधे कवकाच्या पटलातील अर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत, आणि वेळेवर फवारली तर गुण निश्चित येतो. पण ब्राझीलमध्ये याच गटातल्या औषधांचा प्रभाव घटत गेला. म्हणून वाणाचा मार्ग सोडता येत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कसबे डिग्रज (जि. सांगली) येथील केंद्राचे फुले संगम (केडीएस ७२६) आणि फुले किमया (केडीएस ७५३) हे वाण तांबेऱ्यापुढे बऱ्यापैकी तग धरतात. 

तुरीतला सीसीआरपीपी-१ हा जनुक सोयाबीनमध्ये घातल्यावर तांबेऱ्याला प्रतिकार आल्याचे २०१६ मध्ये दाखवले गेले. मराठवाड्यात सोयाबीनच्या तासांत तूर नेहमीच असते, पण या दोन पिकांचा संकर होत नाही. जनुक प्रयोगशाळेतूनच न्यावा लागतो, आणि जनुकांतरित सोयाबीनच्या लागवडीला भारतात परवानगी नाही. ती मिळाली तरी एकट्या जनुकावर विसंबणे बरे नव्हे. वनस्पतिरोगतज्ज्ञ फ्लॉर यांनी १९४० च्या दशकात जवसाच्या तांबेऱ्यावर दाखवले, की झाडाच्या प्रतिकारजनुकाला कवकात एक जोडजनुक असतो. तो बदलला की झाडाला कवक ओळखू येत नाही. दोन-तीन जनुक एकाच वाणात आणले तर कवकाला ते सारे एकदम चुकवणे कठीण जाते.