आपल्या नळातली बारवी

शाळेच्या टाकीखालच्या नळाला ओंजळ लावून आपण सगळेच पाणी प्यायलो. भूगोलात कोयना, जायकवाडी पाठ केली. पण ते पाणी देणाऱ्या बारवीवर बाईंनी कधी प्रश्न काढला नाही. ती पुस्तकातच नव्हती.

बारवी ही मुरबाड तालुक्यातली, उल्हासला मिळणारी नदी. १९७२ साली औद्योगिक विकास महामंडळाचं धरण तिच्यावर झालं, ते कारखान्यांसाठी. पुढे डोंबिवली, ठाणे, मीरा-भाईंदरच्या घरांनाही तेच पाणी मिळू लागलं. धरणातून सोडलेलं पाणी नदीवाटेच उल्हासमध्ये येतं, तिथून उचलून जांभूळला शुद्ध होतं आणि मग पाइपातून आपल्याकडे.

आपला जन्म धरणानंतरचा. आधीची नदी मला बाजारात रानभाज्या विकणाऱ्या, तिकडच्याच एका आजींकडून कळली. पहिल्या पावसात वळगणीचे मासे भातखाचरांत चढत. दिवाळीनंतर धार बारीक होई. वैशाखात बायका पात्रात खड्डा खणून झिरपलेलं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरत. म्हणजे तहान नदीकाठीही होती. धरणानं भागवली ती आपली.

पुढे धरणाची उंची वाढवली आणि २०१९च्या पावसाळ्यात तोंडलीसारख्या गावांत पाणी शिरलं. गाव उठलं की शाळाही उठते. आपण पंचवीस वर्षांनी आपल्याच वर्गात, आपल्याच बाकावर बसलो. तिथल्या मुलांना तसं जमायला जागाच उरली नाही.

दर पावसाळ्यात ‘बारवी भरलं’ ही बातमी आपण आनंदानं एकमेकांना पाठवतो. यंदा पाठवताना खाली तोंडलीचंही नाव लिहूया.