एकाच उंबऱ्याचे तीन जिल्हे

आज बचतीचं, कर्जाचं काही बोलणार नाही. आज घराण्याच्या कागदांबद्दल बोलू या.

माझं माहेर देवणी भागातलं. त्या एका घरात जन्मलेल्या तीन लेकींचे कागद मी एकदा शेजारी शेजारी ठेवले. माझ्या आजोबांची धाकटी बहीण 1949 ची. तिचा जिल्हा बिदर, राज्य हैदराबाद. माझी आत्या 1963 ची. तिचा जिल्हा उस्मानाबाद, राज्य महाराष्ट्र. मी 1988 ची, माझा जिल्हा लातूर, तालुका उदगीर. आणि आता माझ्या भाचीच्या दाखल्यावर तालुका देवणी आलाय. घर जागचं हललेलं नाही, चौकटसुद्धा तीच. हललेली आहे ती हद्द.

हे कसं झालं ते थोडक्यात सांगते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निझामाच्या राजवटीत होतो. त्यानंतर आठ वर्षं हैदराबाद हे भारतातलं एक राज्य होतं. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेप्रमाणे राज्यं झाली आणि हैदराबादचे तुकडे पडले. मराठवाडा मुंबई राज्यात आला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तीन तालुके मराठी म्हणून इकडं आले आणि उस्मानाबादला जोडले गेले. भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात गेले. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. ऑगस्ट 1982 मध्ये उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा निघाला. 1999 ला देवणी, जळकोट, शिरूर अनंतपाळ हे नवे तालुके झाले. आणि उस्मानाबादचं नाव आता धाराशिव आहे.

हा नुसता इतिहास नाही बायांनो. जातीचा दाखला काढायला गेलं की जुना पुरावा मागतात. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. या तिन्ही तारखांना लातूर जिल्हाच नव्हता! म्हणजे आपल्या भागातल्या खऱ्या पुराव्यावर लातूर हा जिल्हा सापडणारच नाही. पहिल्या तारखेला उदगीर बिदरमध्ये आहे, पुढच्या दोन तारखांना उस्मानाबादमध्ये. तरी पेटीतला कागद बघून "हा बिदरचा, आपला नव्हे" म्हणून बाजूला टाकणारी घरं मी पाहिली आहेत. 1954-55 चं खासरा पाहणी पत्रक बघा, शेताचा मालक कोण आणि कसणारा कोण हे त्यात मिळतं. आपल्याकडच्या पत्रकावर बिदर असलं तर ते बरोबरच आहे.

2023 साली सरकारनं निझामकालीन नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हापासून गावोगावी जुन्या कागदांची चर्चा आहे. पण ती चर्चा मी ऐकते तेव्हा सगळी बापाच्या, आज्याच्या, पणज्याच्या नावाची असते. आजीचं काय?

पुरुषाच्या बाबतीत फक्त हद्द बदलते. बाईच्या बाबतीत हद्द बदलते, गाव बदलतं, आडनाव बदलतं आणि पुष्कळदा पाळण्यातलं नावसुद्धा बदलतं. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरीच राहिलं. जमिनीच्या जुन्या कागदात बाई दिसते ती बहुतेक विधवा झाल्यावर, "अमुकबाई भ्र. तमुक" किंवा "जौजे तमुक" अशी. भ्र. म्हणजे भ्रतार, जौजे म्हणजे बायको. बापाच्या वंशावळीत तिला फांदीच काढलेली नसते.

आमच्या गटातल्या एका मावशींचं माहेर भालकी तालुक्यातलं. लग्न होऊन त्या इकडं आल्या. वडील वारले तेव्हा भावांनी वारस लावले, त्यात यांचं नाव नाही. हिंदू वारसा कायद्यात 2005 ची दुरुस्ती झाल्यापासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. मावशी म्हणाल्या, "मला शेत नको असेल तर मी सही करून सोडीन. पण आधी मी लेक आहे हे तरी लिहा." शाळेचा जुना दाखला त्यांच्याकडं होता, त्यावर छापलेलं होतं म्हैसूर राज्य. एका कार्यालयात त्यांना विचारलं, म्हैसूर कुठं, भालकी कुठं? आता कर्नाटक हे नाव 1 नोव्हेंबर 1973 ला आलं. 1956 नंतर तोपर्यंतच्या तिथल्या कागदांवर म्हैसूरच असणार. दाखला खोटा नव्हता, विचारणाऱ्याला साल बघायचं सुचलं नाही एवढंच.

देगलूरकडच्या बायकांचं याहून अवघड. 1956 ला बिचकुंदा आणि जुक्कल हा भाग देगलूर तालुक्यातून काढून निजामाबादला दिला. तिथलं माहेर असेल तर नांदेड, मग आंध्रातलं निजामाबाद, 2014 पासून तेलंगणा आणि 2016 पासून कामारेड्डी जिल्हा.

म्हणून माझं सांगणं असं, की कागद हातात आला की आधी साल शोधा आणि त्या साली गाव कोणत्या जिल्ह्यात होतं ते मग ठरवा. साल फसली असेल तर घाबरू नका. निझामाच्या काळातलं फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यात, सुरू व्हायचं. फसली सनात 590 मिळवायचे, जानेवारीनंतरची नोंद असेल तर 591. 1350 फसली म्हणजे 1940-41. कागद उर्दूत असेल तर गावात निझामाच्या शाळेत शिकलेले एखादे आजोबा अजून असतात, त्यांच्याकडं न्या. लवकर न्या. गावाच्या नावासोबत तालुकाही लिहून ठेवा, कारण बोरगाव आणि वडगाव हाकेच्या अंतरावर दोन-दोन सापडतात. गाव तेव्हा जहागिरीत होतं का हेही विचारा. जहागिरी 1949 ला संपल्या, त्याआधी अशा गावांचा कारभार आणि दप्तर वेगळं असायचं.

आणि फडताळातली भांडी उतरवा. लग्नात आलेल्या घागरीवर, परातीवर नाव, गाव, कधी सनसुद्धा कोरलेला असतो. सरकारी कचेरीत घागर पुरावा म्हणून चालत नाही, पण कोणत्या नावानं आणि कोणत्या गावात शोधायचं ते ती सांगते. त्र्यंबकेश्वरला, नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. त्या गाव-आडनावानं लावलेल्या असतात, त्यामुळं जिल्हा बदलल्यानं तिथं फारसं बिघडत नाही. कोणी तिकडं जाणार असेल तर आज्यासोबत आजीचंही नाव विचारून या, आणि तुमचं स्वतःचं घालून या.

मावशींच्या परातीवर त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव निघालं. त्यावरून भालकीला जाऊन त्यांनी पहाणीची नक्कल आणली. आपण ज्याला सातबारा म्हणतो त्याला तिकडं अजून निझामाच्या वेळचाच शब्द आहे, पहाणी. नक्कल कानडीत आहे. मावशींची नातसून औरादची, तिला कानडी वाचता येतं. सध्या ती रोज संध्याकाळी एकेक रकाना वाचून दाखवते आणि मावशी शेजारी बसून भावांच्या नावाखाली आपलं नाव कुठं यायला हवं ते वहीत मराठीत लिहून घेतात.