स्पोरनचा पट्टा
किल्ट या घागऱ्यासारख्या पोशाखाला खिसा नसतो. म्हणून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले पुरुष कमरपट्ट्यालाच कातड्याची, नाडीने आवळायची थैली अडकवत. तीच स्पोरन. तिला स्वतःचा वेगळा पट्टा मिळाला तो गरजेपेक्षा दिमाखापायी, असे मला वाटते. १७४६ च्या कायद्याने किल्टसह या डोंगरी पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. मधल्या काळात तो टिकवला सैन्यातल्या हायलँड, म्हणजे त्याच डोंगराळ भागातल्या, पलटणींनी, आणि पुढे त्यांच्याच गणवेशावर घोड्याच्या केसांच्या लांबलचक स्पोरन डोलू लागल्या. थैली जड झाली म्हणून पट्टा आला, असे कोणी म्हणेल. मग संध्याकाळच्या समारंभाला चामड्याऐवजी साखळी कशाला? ती तर उलट किल्टची लोकर घासते! बक्कलाखाली चार बोटे सोडून थैली लोंबावी, एवढे काम साधा चामडी पट्टाही भोक बदलून करतो.