उद्योगनगरीतील घरगुती चित्रभांडारे

१९५४ साली पिंपरीच्या माळावर हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डीस बजाज आणि पिंपरी-चिंचवडच्या शिवेवर टेल्को आली. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने भोसरीपर्यंतचे रान भूखंडांत आखून दिले. आणि १९७० साली चार गावांची मिळून जी नगरपालिका झाली होती, तिचे १९८२ मध्ये महानगरपालिकेत रूपांतर झाले. हा सारा वृत्तान्त सरकारदरबारी तपशीलवार नमूद आहे. परंतु पाळी संपवून घरी परतलेला कामगार आपली करमणूक कशी करून घेत असे, याची बखर कोणी लिहिली नाही, आणि ती लिहिण्याजोगी आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. कारण करमणुकीचा हा व्यवहार यंत्रांवर पोसलेला होता, आणि यंत्राची नड ओळखणे हा तर या गावाचा धर्मच.

वीजपुरवठ्याचा भार वाटून घेण्यासाठी या पट्ट्यातील असंख्य कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारी नव्हे, तर गुरुवारी असे, आणि म्हणून येथील रात्रभर जागण्याची हक्काची रात्र ती बुधवारची. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले, कालांतराने सिंहगडावरील मनोऱ्यावरून त्याचे प्रक्षेपण या भागात पोहोचले, आणि १९८२ च्या एशियाडनिमित्त पडद्यावर रंग आले. तथापि आपल्याला हवे ते चित्र आपल्याला हव्या त्या वेळी पाहण्याची मुभा प्रथम दिली ती व्हीसीआरने. यंत्र आणि दोन-तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने आणावयाच्या, वर्गणी काढावयाची, आणि कोकणातले, मराठवाड्यातले, खानदेशातले, फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात वसलेले सिंधी, केरळातून नोकरीस आलेले, असे सर्व शेजारी एका खोलीत दाटीवाटीने बसावयाचे, असा तो प्रघात होता. मध्येच पडद्यावर मुंग्या येऊ लागल्या की कोणी जाणता फिटर यंत्राचे झाकण उघडी, स्पिरिटमध्ये भिजवलेले फडके फिरत्या हेडवर अलगद धरी, आणि मुंग्या गेल्या की कसलाही गाजावाजा न करता आपल्या जागी येऊन बसे. त्या काळातील अडचण वेगाची नव्हती, क्रमाची होती. तीन तासांच्या फितीवरील शेवटचे गाणे पाहावयाचे तर आधीची सगळी फीत उलगडावी लागे. त्यावर तोडगा नव्हता आणि कोणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

व्हीसीडीने ही क्रमाची अडचण दूर केली आणि तिच्या जागी धारणशक्तीची आणली. १९९३ मध्ये प्रमाणित झालेल्या त्या तबकडीवर ७४ मिनिटांचे चित्र मावे, त्यामुळे मध्यंतराच्या सुमारास उठून दुसरी तबकडी घालणे ओघानेच आले. २००७ च्या आसपास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी विकावयास काढल्या, तेव्हा मध्यमवर्गीय घरांतल्या कपाटांत चित्रपटांच्या थप्प्या लागल्या. मग संगणक आले, हार्ड डिस्का आल्या, आणि २००९ पासून चाकणच्या परिसरात फोक्सवागेनसारख्या मोटारींच्या कारखान्यांनी जी तरुण अभियंत्यांची पिढी आणून वसविली, तिच्या बिऱ्हाडांतून कपाटातील त्या थप्प्या डिस्कवर उतरवून घरच्या सर्व पडद्यांना पुरविणारा सर्व्हर कोपऱ्यात घरघरू लागला. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बी या सर्व्हर-प्रणालीपासून फुटून निघालेली जेलीफिन ही मुक्त प्रणाली अशा पुष्कळ सर्व्हरांचा आधार आहे.

या नव्या भांडारातही चित्र अडखळते. ते अडखळले की मालक प्रथम बाजारात जाऊन अधिक वेगवान डिस्क विकत आणतो, आणि हे मला खरोखर खटकते. कारण हाच गृहस्थ कारखान्यात प्रत्येक स्टेशनचा सायकल टाइम घड्याळ लावून मोजल्यावाचून एक रुपयाही खर्चू देत नाही. हिशेब पाहू गेले तर तो अगदी सरळ आहे. उत्तम प्रतीचा फोर-के चित्रपट सेकंदाला सहा ते दहा मेगाबाइटांच्या गतीने वाचावा लागतो. साधी फिरती हार्ड डिस्क सलग वाचनात सेकंदाला दीडशे मेगाबाइट सहज देते, आणि गिगाबिट केबल सव्वाशे मेगाबाइट वाहून नेते. तेव्हा एका चित्रपटासाठी, किंबहुना तीन-चार चित्रपटांसाठीही, जुनी डिस्क पुरून उरते. कमी पडतो तो बहुधा भिंतींआडून येणारा वायफाय, आणि तेथे दहा-वीस मीटर केबल ओढण्याचे काम नव्या डिस्कपेक्षा अधिक गुण देते.

मग वेगवान संचय निरर्थक काय? मुळीच नाही, त्याची जागा निराळी आहे. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या तबकडीस एका फेऱ्यास सव्वाआठ मिलिसेकंद लागतात. हेड सरकण्याचा काळ त्यात मिळविला की विखुरलेल्या जागांवरून वाचताना सेकंदाला ऐंशी-शंभरापलीकडे तिची मजल जात नाही, उलट एसएसडीस असे एक वाचन मिलिसेकंदाच्या दशांशात आटोपता येते. चित्रपट सलग वाचला जातो. परंतु पोस्टरे, नटनटींची नावे, कोणी कोठवर पाहिले याच्या खुणा, हे सारे विखुरलेले असते. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखाली त्यांतून ४५ खंड निघाले. तेथे काम करणाऱ्यास रुमालांची मांडणी किती भव्य आहे यापेक्षा यादी हाताशी आहे की नाही याचेच महत्त्व अधिक. सर्व्हरचेही तसेच: चित्रपट मोठ्या, स्वस्त, फिरत्या डिस्कवर खुशाल राहू द्यावेत, प्रणाली, तिचा डेटाबेस आणि पोस्टरांचा साठा मात्र एसएसडीवर हलवावा. एवढ्याने मुखपृष्ठ उघडण्यास लागणारा विलंब सरतो.

खरी गोम ट्रान्सकोडिंगमध्ये आहे. २००३ चे एच-२६४ आणि २०१३ चे एच-२६५ ही संकोचनाची दोन प्रमाणके. दुसऱ्याने फाइल बरीच लहान होते, पण जुन्या टीव्हीला ते उमगत नाही, आणि मग सर्व्हरला एका रूपातून दुसऱ्या रूपात चित्र क्षणाक्षणाला घडवून द्यावे लागते. हे काम केवळ मुख्य प्रोसेसरवर टाकले तर फोर-केपुढे तो हात टेकतो. इंटेलने २०११ पासून आपल्या पुष्कळशा प्रोसेसरांत याच कामासाठी क्विक सिंक नावाचा स्वतंत्र विभाग दिला, आणि सातव्या पिढीपासून त्यास दहा-बिटी एच-२६५ पूर्णपणे उलगडता येऊ लागले. त्यामुळे एखाद्या कार्यालयातून निकालात निघालेला त्या पिढीचा लहानसा संगणक, हा विभाग नसलेल्या अवाढव्य यंत्रापेक्षा सरस ठरतो. मात्र ही सोय आपोआप सुरू होत नाही: जेलीफिनमध्ये ती नावानिशी निवडावी लागते, आणि लिनक्सवर सर्व्हरच्या खात्यास ‘रेंडर’ गटाची परवानगी द्यावी लागते. ट्रान्सकोडिंग करताना तयार होणाऱ्या तात्पुरत्या तुकड्यांचा फोल्डरही चित्रपटांच्याच फिरत्या डिस्कवर ठेवू नये; वाचन आणि लेखन यांच्यामध्ये हेडची येरझार चालू राहते आणि जे काम सलग व्हावयाचे ते विखुरते.

उपशीर्षकांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. या गावात मल्याळी शेजाऱ्याकडचा चित्रपट मराठी घरात पाहिला जातो, म्हणजे उपशीर्षकांवाचून गत्यंतर नाही. ती मजकूररूप असतील तर टीव्ही स्वतःच दाखवू शकतो. परंतु ब्लू-रेवरून उतरविलेली उपशीर्षके चित्ररूप असतात, ती न उमगणाऱ्या टीव्हीसाठी सर्व्हर त्यांस प्रत्येक चौकटीत कोरून बसवितो, आणि एरवी जशीच्या तशी जाणारी फाइल संपूर्ण पुनश्च घडवावी लागते. मजकूररूप उपशीर्षके मिळवून ठेवल्यास हा सारा भार टळतो.

हे सर्व करावयाचे ते कोणत्या ऐवजासाठी, असे मला विचाराल तर मी लग्नाच्या कॅसेटींकडे बोट दाखवीन. या वसाहतींतील कित्येक घरांत १९८०-९० च्या दशकांतली लग्ने, बारशी, निरोपसमारंभ व्हीएचएसवर आहेत. फीत जीर्ण होत चालली आहे, आणि व्हीसीआर बनविणारी अखेरची कंपनी फुनाई हिनेही २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले, म्हणून चालू स्थितीतील यंत्र आज मिळते आहे तोवर हे काम उरकले पाहिजे. या फितींवरील चित्र आपल्याकडील पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे; संगणकाच्या पडद्यावर हलत्या माणसांच्या कडांना त्यामुळे करवतीसारखे दाते येतात. सर्व्हरकडून ते दाते पाहण्याच्या वेळी काढवून घेणे म्हणजे तेच कष्ट दर वेळी नव्याने करविणे. त्यापेक्षा फितीवरून उतरलेली मूळ प्रत काहीही न बदलता मोठ्या डिस्कवर आणि घराबाहेरच्या आणखी एका डिस्कवर ठेवावी, रात्री यंत्र मोकळे असताना सावकाश, उत्तम गाळणी लावून, ५० पूर्ण चित्रांची एच-२६४ प्रत एकदाच तयार करावी, आणि घरातील पाहणे या दुसऱ्या प्रतीवरून व्हावे. मग जुन्या टीव्हीवरही वरात ट्रान्सकोडिंगवाचून चालते.