एका दिवसाचं देऊळ

मार्गशीर्ष अमावस्येला मुदखेडच्या शिवारात मी ज्या देवळाला गेलो, त्याला भिंतीही नव्हत्या आणि शिलालेखही. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव. नैवेद्याला भज्जी, उंडे, आंबील.

ही वेळ अमावस्या, बोलीत येळवस. ‘वेळ’ म्हणजे काळ, असंच मी समजत होतो. पण बिदर-कलबुर्गीकडे हाच सण ‘एळ्ळ अमावास्ये’ म्हणवतो आणि कन्नडात ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. येळवशीचं मूळ मला तिथं दिसतं.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बिदर जिल्ह्यातले तालुके मुंबई राज्यात आले. बिदर म्हैसूरकडे गेलं. भज्जी-आंबील मात्र आजही दोन्हीकडच्या शिवारांत त्याच अमावस्येला पोचते.