घराण्यांचीं दप्तरें

इतिहास म्हटला म्हणजे आपणांस लढाया, तह आणि राज्यारोहणें आठवतात. परंतु ज्या कागदांच्या आधारानें तो लिहिला गेला, ते कागद कोणाच्या माळ्यावर, कोणत्या फडक्यांत बांधलेले होते, याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. आज त्या कागदांविषयींच चार शब्द बोलावयाचे आहेत.

देशमुख, देशपांडे, कुळकर्णी, इनामदार, सावकार अशांच्या घरीं पूर्वीं दप्तर असे. घडी केलेले कागद एका जाड चौकोनी फडक्यांत बांधीत. त्या फडक्यास रुमाल म्हणत, आणि बांधलेल्या गठ्ठ्यासही रुमालच म्हणत. त्यांत सनदा, महजर, वांटणीपत्रें असत; तसेच जमाखर्च, लग्नाच्या याद्या, सोयऱ्यांचीं क्षेमसमाचाराचीं पत्रें, क्वचित् अभंगांचें एखादें बाडही असे. घरच्यांच्या दृष्टीनें यांत मोलाची वस्तु एकच, ती म्हणजे सनद. मुंबई इलाख्यांत १८५२ सालीं इनाम कमिशनास कायद्याचें बळ मिळालें, आणि ज्याच्यापाशीं लेखी पुरावा नाहीं त्याच्या इनामावर गदा आली. आमच्या मुखेडाकडचा मुलूख निजामाचा. तें कमिशन इकडे चाललें नाहीं. पण सनद देवघरांत आणि बाकीचे कागद माळ्यावर, हा प्रकार इकडेही तोच.

इतिहासाला मात्र खरें घबाड सांपडलें तें माळ्यावर. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या शाळेंत संस्कृतचे शिक्षक. पटवर्धन सरदारांच्या दप्तरांतील पत्रें त्यांनीं शिकवण्याचें काम सांभाळून वाचलीं, निवडलीं, आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नांवानें छापण्यास आरंभ केला. १९२४ सालीं ते वारले तोंपर्यंत बारा भाग निघाले होते. छावणीचा मुक्काम, दाणावैरणीची टंचाई, शिपायांचा थकलेला रोजमुरा, एकमेकांविषयींचे संशय हें सारें त्या पत्रांत आहे. सनदेंत यांतलें कांहीं नसतें. एका शाळामास्तरानें हें काम केलें याचा मला, त्याच पेशांतला असल्यामुळें, अंमळ अभिमान वाटतो. श्रोत्यांनीं तो गोड मानून घ्यावा.

वि. का. राजवाडे यांची गोष्ट तर सर्वश्रुतच आहे. पानिपतच्या आधींच्या दहाबारा वर्षांचीं पत्रें त्यांस वाई येथें मिळालीं, आणि १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढें असे बावीस खंड झाले. नाना फडणिसांचें मेणवलीचें दप्तर पारसनिसांच्या हातीं आलें. त्यांचा संग्रह १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आहे. सरकारी पेशवे दप्तराचें स्वरूप निराळें. त्यांतून सरदेसायांनीं निवडलेले ४५ भाग १९३० ते १९३४ या अवघ्या चारपांच वर्षांत छापले गेले.

आतां एक बारकी, पण महत्त्वाची गोष्ट. मोडी पत्रावर तारीख असते ती ‘छ’ या अक्षरानें सुरू होते. छ म्हणजे चंद्र. त्यापुढें मुसलमानी महिन्याचा चंद्र कितवा तो आंकडा आणि मग महिन्याचें नांव, जसें छ ५ रजब. वर्ष पुष्कळदां नसतेंच. लिहिणाऱ्यास आणि वाचणाऱ्यास तें ठाऊकच असे, मग लिहावयाचें कशाला? मग अशा पत्राचें साल कसें ठरवावयाचें? एकाच रुमालांत त्याच्या मागेंपुढें कोणते कागद बांधले आहेत, हा त्याचा मोठा आधार. रुमाल सुटला, कोणी चार पत्रें चांगल्या अक्षराचीं म्हणून उचललीं, उरलेलीं वाण्यास दिलीं, कीं त्या चार पत्रांचेंही साल गेलें. नाश झालेल्या कागदांची सर्वांस हळहळ वाटते. सुटलेल्या रुमालाबद्दल कोणी अवाक्षर काढीत नाहीं.

विलायतेंतील वेल्स हा प्रांत आकारानें लहान, भाषाही इंग्रजीच्या दडपणाखालीं. तेथें १९०७ च्या सनदेनें ॲबरिस्टविथ गांवीं राष्ट्रीय ग्रंथालय निघालें. जमीनदार घराण्यांचे खंडवसुलीचे हिशेब, खाजगी पत्रें, कवींचीं बाडें तेथें येतात आणि त्या त्या घराण्याच्या किंवा वाड्याच्या नांवानेंच वेगळीं ठेविलीं जातात. विनस्टे या वाड्याचे कागद तेथें आहेत. त्याच वाड्याला १८५८ सालीं आग लागून मौल्यवान् हस्तलिखितें जळालीं होतीं.

आपल्याकडे काय आहे? दौलताबादेजवळ कागजीपुऱ्यास बनणारा कागद एके काळीं नांवाजलेला होता. ज्ञानेश्वरीची जुनी पोथी राजवाड्यांना मिळाली ती बीडलाच. म्हणजे कागदही आमचा आणि पोथीही आमची. परंतु १९५६ सालीं मराठवाडा हैदराबादपासून निघाला, आणि शहाजहान–औरंगजेबाच्या काळचें, लाखावर कागदांचें फारशी दप्तर तेथेंच राहिलें. तें निदान सुरक्षित आहे. मोडी कागद मात्र घरोघर विखुरलेले. आणि मोडी शाळांतून जाऊनही आतां सत्तर वर्षें होत आलीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीचीं घरें आणि वाडे बसले, हजारों माणसें दगावलीं. त्या ढिगाऱ्यांतून माणसें काढावयाचीं होतीं. कागद कोण शोधणार?

म्हणून ज्यांच्या घरीं रुमाल असेल त्यांस एक विनंति. वाचतां येत नाहीं म्हणून तो सोडूं नये, आणि निवडूंही नये. वाळवी व ओल यांपासून उंच व कोरड्या जागीं ठेवावा. गांव, घराणें आणि वाड्यांत कोठें मिळाला, हें वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी रुमालाच्या गांठीला बांधावी. मूळ कागदावर शाईनें कांहींही लिहूं नये; आणि मोडी जाणणारा भेटला, तर त्यास घरीं बोलवावें, कागद त्याच्याकडे सुटे पाठवूं नयेत.