साहेबाची खुर्ची

आजीच्या गोष्टींतलं भूत कधी घरात शिरलं नाही. मुंजा पिंपळावर, गिरा पाण्यात, चकवा पाणंदीत, देवचार शिवेवर. ज्याची त्याची हद्द ठरलेली. तिन्हीसांजेला घरी यावं, पायांवर पाणी घ्यावं, संपलं. घरातलं भूत आमच्याकडे आणलं ते आजोबांनी, आणि तेही सरकारी इमारतीतलं.

आजोबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर. घाटात दरड आली की आंबोलीच्या बाजूला चार-चार दिवस मुक्काम पडायचा, तो एका जुन्या डाकबंगल्यात. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं आणि व्हरांड्यात वेताची आरामखुर्ची. तिचे हात इतके लांब, की त्यांवर पाय टाकून खुशाल झोपावं. उजव्या हाताच्या फळीवर पेल्याच्या बुडाचे दोन गोल डाग. पहिल्याच संध्याकाळी चौकीदारानं बजावलं, "साहेबानू, त्या खुर्चेर बसू नकात. ती सायबाची आसा. रातचो येता तो."

देशभर असे बंगले उभे राहू लागले ते १८४०च्या दशकात. एका टप्प्याच्या चालीवर एक. मागाहून दुसरा प्रवासी आला, तर चोवीस तास काढलेल्यानं खोली रिकामी करायची. पाहुणा दिसला की खानसामा अंगणातल्या कोंबडीमागे धावणार आणि थोड्या वेळानं तीच ताटात येणार. साहेबलोकांनी त्या पदार्थाला 'सडन डेथ' असं नाव ठेवलं होतं. म्हणजे मरणाचा विषय तिथं जेवणापासूनच निघायचा.

आपला वाटसरू टेकायचा तो देवळात, धर्मशाळेत, चावडीत, नाहीतर कुणाच्या ओसरीवर. दहा जण घोरत असताना भुतानं यायचं कसं? बंगल्यात मात्र एकटा माणूस, कुलूपबंद खोल्या आणि घर असं, की ज्याला कुणी आपलं म्हणत नाही. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगची १८८८ साली पुस्तकात आलेली एक गोष्ट अशाच बंगल्यातली आहे. रात्रभर शेजारच्या खोलीत बिलियर्ड्सचे चेंडू एकमेकांवर आपटतात. निघतं काय, तर छताच्या कापडात पळणारा उंदीर आणि वाऱ्यानं वाजणारी खिडकी. आजोबांना ती गोष्ट मुळीच आवडली नाही. "उंदीर कशाला दाखवायचा?" म्हणायचे.

बंगल्यातलं भूत बहुधा गोऱ्याचंच. मुंबईच्या ताजचीच कथा घ्या. इमारत उलटी बांधली गेली, म्हणून इंग्रज आर्किटेक्टनं वरून उडी टाकली आणि तो अजून जुन्या भागात फिरतो, असं लोक सांगतात. उलटंबिलटं काही नव्हतं. मूळ आराखड्यामागचे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य १९०० सालीच वारले. काम चेंबर्स नावाच्या इंग्रजानं तडीस नेलं आणि १९०३च्या डिसेंबरात हॉटेल उघडलं. खरोखर अर्ध्यावर गेला तो आपला माणूस, पण भूत व्हायचा मान काही त्याला मिळाला नाही!

कोट्याच्या ब्रिजराज भवनाचं तसं नाही. तिथं १८५७ साली मेजर बर्टन आणि त्यांचे दोन मुलगे मारले गेले, हे इतिहासात नोंदलेलं आहे. पुढे त्या रेसिडेन्सीचं हॉटेल झालं. मेजरसाहेब पाहुण्यांच्या वाटेला जात नाहीत म्हणे, पण पहाऱ्यावर डुलकी घेणाऱ्या शिपायाच्या थोबाडीत देतात. मेल्यावरही ड्यूटी चालूच. हे ऐकून आजोबा इतके हसले, की ठसका लागला. मग त्यांनी इतकी वर्षं न सांगितलेलं सांगितलं.

आषाढातली रात्र. पाऊस कौलांवर कोसळतोय आणि व्हरांड्यातली खुर्ची करकरतेय. आजोबा कंदिलाची वात मोठी करून दार किलकिलं करून बघतात, तर चौकीदार. दोन्ही पाय खुर्चीच्या लांब हातांवर टाकलेले, डोक्यावरून घोंगडी, जवळ चहाचा पेला आणि गाढ झोप. पेला ठेवला होता तो बरोबर त्या डागावर.

आजोबांनी वात बारीक केली आणि आवाज न करता दार लोटलं.

सकाळी चौकीदार चहा घेऊन आला. "रातचो आयकलात मा, साहेबानू?"

"ऐकलं बाबा," आजोबा म्हणाले. "करकर ऐकली मी."

त्यानंतर अकरा पावसाळे ते त्या बंगल्यात उतरले. खुर्चीवर एकदाही बसले नाहीत.